जागा राखीव, मत कोणाचे?

टोकावड्याकडच्या एका कातकरी विद्यार्थ्याने वर्गात विचारले, "सर, शहापूरला आदिवासी आमदार असतो, मग आमच्या वाडीचं मत तिथं का पडत नाही?" मी राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. बापाने प्रत्येक निवडणुकीत बोटाला शाई लावून घेतली, पण हा प्रश्न त्याने कधी विचारला नाही. उत्तर मला पाठ होते, तरी जीभ अडखळली.

उत्तर असे. आदिवासींचे प्रमाण जिथे सर्वाधिक, तिथे त्यांची जागा राखीव ठेवतात. म्हणून शहापूर राखीव आहे. २००८ च्या पुनर्रचनेपासून मुरबाड मतदारसंघात तालुक्याच्या जोडीला बदलापूरसारखे शहर आहे आणि ती जागा खुली आहे. लोकसभेला दोन्ही तालुके भिवंडीत मोडतात, तीही जागा खुलीच. म्हणजे टोकावड्याच्या कातकऱ्याचे, ठाकराचे, बौद्धाचे मत आमदारकीच्या वा खासदारकीच्या राखीव जागेसाठी पडतच नाही.

लोकसभेच्या ५४३ पैकी ८४ जागा अनुसूचित जातींना आणि ४७ जमातींना राखीव आहेत. महाराष्ट्राच्या ४८ पैकी अनुक्रमे ५ आणि ४. राज्यसभेत एकही नाही. 'प्रमाणात दिले आहे,' असे म्हणून प्रस्थापित मोकळे होतात. पण प्रतिनिधित्व म्हणजे डोकी मोजणे नव्हे. निवडून आलेला माणूस कोणाला जबाबदार आहे, हे पाहावे लागते.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती. एक विभक्त मतदारसंघात, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. गांधीजींच्या उपोषणापुढे २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांतील जागा वाढून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मत गेले. निदान चार उमेदवारांची प्राथमिक निवड अस्पृश्य मतदारांकडे राहिली होती. पुढे संविधानात तीही उरली नाही. आज महाराष्ट्राच्या त्या पाचही मतदारसंघांत अनुसूचित जातींचे मतदार अल्पसंख्य आहेत. उमेदवार आपला असतो, पण तिकीट देणारा पक्ष आणि तारणारी मते बाहेरची असतात. तो मिंधा कोणाचा राहणार?

१९५२ साली उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पराभूत झाले. राखीव जागा होती, दलित खासदार निवडूनही आला. दलितांचा नेता मात्र बाहेर राहिला. १९५४ ला भंडाऱ्यातही तेच झाले.

उलट अनुभवही आहे. १९९८ ला रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी आघाडी झाली आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले हे चौघेही खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. एकी मात्र टिकली नाही.

यातून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. राखीव जागांचे रक्षण करायचेच, पण खुल्या मतदारसंघात कातकरी, ठाकर, बौद्ध यांची मते एकत्र मोजायला लागायचे. आणि पुढील पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा वाड्यांची माहिती घेऊन हरकत नोंदवायची. कायद्याने जाहीर सुनावणी द्यावीच लागते.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. त्याने वही उघडली आणि विचारले, "सर, सुनावणी कुठं असते? आमच्यातलं कोण जातं तिथं?"