जुना वास राखणारी दुरुस्ती

मांजर पाळलेल्या घरात नख्या ओरखडण्यासाठी ठेवलेला, दोर गुंडाळलेला खांब, ज्याला बाजारात ‘स्क्रॅचिंग पोस्ट’ म्हणतात, वापराने मधोमध झिजतो, दोराचे तंतू पिंजून बाहेर येतात आणि दिवाणखान्यात ते बरे दिसत नाही म्हणून खांब अडगळीत जातो. पुण्यातील एका सदनिकेत असा खांब घरीच दुरुस्त करणाऱ्या बाईंचे काम लक्ष वेधून घेते ते एवढ्यासाठी, की दुरुस्तीला बसताना नवा दोर किती लागेल यापेक्षा जुना किती राखता येईल याचा विचार त्या आधी करतात.

ही सावधगिरी मांजराच्या स्वभावाला धरून आहे. मांजराची नखी थराथराने वाढते आणि ओरखडताना तिचे जुने, बोथट झालेले बाहेरचे टरफल निघून आतील टोकदार थर उघडा पडतो. त्याच वेळी पाठीचे व खांद्यांचे स्नायू ताणले जातात आणि पंजांतील गंधग्रंथींचा, म्हणजे वास सोडणाऱ्या ग्रंथींचा, स्राव दोराला लागून ती जागा आपली असल्याची खूण मागे राहते. पिंजलेला दोर सोडवताना तंतूंत अडकलेली ही टरफले हाताला लागतात; ती चंद्रकोरीसारखी वाकलेली, आतून पोकळ आणि उजेडात धरल्यास अर्धपारदर्शक असतात. दोर खांबाला धरून ठेवणारे, पण आता सैल झालेले स्टेपल मात्र बाई पकडीने एकेक करून उपटतात, कारण त्यांनी पंजाला जखम होऊ शकते.

खांबाला लागतो तो सिसलचा दोर. सिसल ही मूळची मेक्सिकोतील वनस्पती महाराष्ट्रात शेताच्या बांधावर कुंपण म्हणून लावल्या जाणाऱ्या घायपाताच्या जवळच्या नात्यातली असून तिची पाने चेचून व खरवडून धागा काढतात. हा धागा ताठ असतो, नखीखाली बारीक तुटत जातो आणि म्हणून नखी त्यात सहसा अडकून राहत नाही. नायलॉनच्या चिवट दोरात ती अडकण्याचा धोका अधिक. चांगल्या सिसलला सुकलेल्या गवतासारखा वास येतो, तर धागा मऊ करण्यासाठी तेल वापरलेल्या दोराला तेलकट वास राहतो. बाई दुकानात दोराचे भेंडोळे नाकाशी नेऊन पाहतात आणि तेलाचा वास आला तर ते घेत नाहीत, कारण तो परका वास जुनी खूण झाकून टाकील अशी त्यांना धास्ती असते.

२३ मीटर हा आकडा त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येतो. ९ सेंटिमीटर व्यासाच्या आणि ६० सेंटिमीटर उंचीच्या खांबावर ८ मिलिमीटर जाडीच्या दोराचे ७५ वेढे बसतात व प्रत्येक वेढ्याला सुमारे ३१ सेंटिमीटर दोर लागतो, हा त्यामागचा हिशेब. परंतु मांजर आपल्या उंचीनुसार एकाच पट्ट्यात ओरखडत असल्याने झीज साधारण २४ सेंटिमीटरच्या भागात होते आणि तेवढ्यासाठी १० मीटर दोर पुरतो. उरलेल्या १३ मीटरांना त्या हात लावत नाहीत. मांजराचा वास तिथेच टिकून असतो.

पुढची कृती सरळ आहे. आधी खांब बैठकीला धरून ठेवणारा बोल्ट आवळतात, कारण डुगडुगणारा खांब मांजर सोडून देते. मग जुन्या दोराची टोके पक्की करून, फेव्हिकॉलचा पातळ थर देत, नवे वेढे खालून वर ताणून गुंडाळतात आणि दर तीन-चार वेढ्यांनी लाकडी ठोकळ्याने ठोकून त्यांच्यातील फट बुजवतात. बाईंच्या अंगठ्याला दोराचे घट्टे पडले आहेत. ताण सैल पडू नये म्हणून त्या बोलणे थांबवतात, पण दोर सोडत नाहीत. डिंक पूर्ण वाळेपर्यंत खांब मांजरापासून दूर राहतो.

सोफा फाटला की मांजराला दोष दिला जातो. काही देशांत तर नख्या काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही होत आली, जिच्यात बोटाचे शेवटचे हाडच छाटले जाते आणि जिच्यावर २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने बंदी घातली. ओरखडणे ही मांजराची गरज आहे हे एकदा मान्य केले, की झिजलेला पट्टा हा खांब योग्य जागी असल्याचा पुरावा ठरतो. म्हणून दुरुस्तीचे यश खांब किती नवा दिसतो यावर मोजणे चूक आहे. मांजर त्याच खांबाकडे परत आले तरच काम नीट झाले असे म्हणावे, आणि त्यासाठी १० मीटर नव्या दोराइतकेच राखलेले १३ मीटरही मोलाचे असतात.