कृत्तिका आणि बटाट्याची लावणी

या रे पोरांनो, गच्चीच्या कठड्यापाशी या. मार्गशीर्षातलं आभाळ कसं लख्ख आहे! तो ताऱ्यांचा झुबका दिसला? त्या कृत्तिका. मोजा बघू. सहा? कुणाला सात? शाब्बास. आता त्यांचीच गोष्ट ऐका.

दूर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात टिटिकाका नावाचं मोठं सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून ३८०० मीटर उंचावर. तिथले क्वेचुआ आणि आयमारा शेतकरी बटाटा पिकवतात. बटाटा मूळचा तिकडचाच बरं का! त्याची मुळं उथळ. लावणी झाली आणि पावसानं ओढ दिली, की पीक हातचं गेलं.

मग लावणी करायची कधी? जूनच्या अखेरीस तिकडे कडाक्याची थंडी असते. तेव्हा शेतकरी उजाडायच्या आत डोंगर चढतात आणि उगवत्या कृत्तिका निरखतात. तारे ठळक आणि पुष्कळ दिसले, तर पाऊस वेळेवर. अंधुक आणि मोजके दिसले, तर पाऊस उशिरा आणि कमी. मग लावणी काही आठवडे पुढे ढकलायची. शेकडो वर्षांची रीत आहे ही. क्वेचुआ भाषेत कृत्तिकांना म्हणतात ‘कोल्का’, म्हणजे धान्याचं कोठार!

पण एवढ्या लांबच्या ताऱ्यांना पावसाचं काय कळणार? बेंजामिन ऑर्लोव्ह हे मानववंशशास्त्रज्ञ, तर जॉन चियांग आणि मार्क केन हे हवामानाचे अभ्यासक. या तिघांनी शेतकऱ्यांचं म्हणणं उपग्रहांच्या नोंदींशी ताडून पाहिलं आणि २००० साली ‘नेचर’मध्ये उत्तर छापलं. एल निनोच्या वर्षी पॅसिफिकचं पाणी तापतं. मग जूनमध्ये अँडीजवर, खूप उंचावर, विरळ ढगांचा पडदा धरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मंद तारे झाकून टाकतो. आणि त्याच एल निनोमुळे ऑक्टोबरपासूनचा पाऊस घटतो. पावसाची बातमी तारे देत नव्हते, मधला पडदा देत होता!

हा अंदाज दरवेळी खरा ठरतो असं नाही. पण बघा, शेतकऱ्याला खूण ठाऊक होती, शास्त्रज्ञाला कारण सापडलं. आता हवामान बदलतंय. कारण कळलं, तरच जुनी कुठली खूण अजून चालते आणि कुठली नाही, ते पारखता येईल.

म्हणून उद्या आजीला विचारा, पाऊस येणार हे ती कशावरून ओळखते. ते तारखेसकट वहीत लिहा. शेजारी पर्जन्यमापकाचा आकडा लिहा. पाच पावसाळे हे करा. वही जपून ठेवा.