बर्फाचं मशीन किरकिरतंय? आधी बेअरिंगचं ऐका

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललो तसाच आहे, फक्त जरा आवरून घेतलाय.

मी कोड लिहितो, मशीन दुरुस्त करत नाही. पण मे महिन्यात रत्नागिरीला मामाच्या मासळीच्या दुकानात होतो. पावसाळी मासेमारी बंदीच्या आधीची गर्दी. फ्लेक बर्फाचं मशीन आठवडाभर किरकिरत होतं. मामा म्हणाला, "अरे, जुनं झालंय, आवाज करणारच." चौथ्या दिवशी ते जाम झालं. सुरमई, पापलेट सगळं बाहेरून आणलेल्या बर्फावर. आणि बिल? बेअरिंगचं थोडं, पण ओरखडे पडलेल्या सिलिंडरचं भरपूर.

तर आत होतं काय? एक उभा स्टीलचा सिलिंडर असतो. त्याला बाहेरून गॅस थंड करतो, आतल्या भिंतीवर पाण्याचा बर्फ धरतो. मधे मळसूत्रासारखा दांडा सावकाश फिरतो, त्याला ऑगर म्हणतात. तो बर्फ खरवडून वर ढकलतो. वरच्या तोंडातून बर्फ दाबून बाहेर येतो, अगदी चकलीच्या सोऱ्यासारखा. हा ऑगर वर आणि खाली बेअरिंगवर टेकलेला असतो. तो आणि भिंत यांच्यात फट अगदी थोडी. बेअरिंग झिजलं की ऑगर डुलतो आणि भिंतीला घासायला लागतो. म्हणजे स्वस्त पार्ट महागड्या पार्टला खातो.

बेअरिंग झिजतं कशाने? मोठं कारण म्हणजे जड पाणी. क्षार भिंतीवर बसतात, बर्फ चिकटून राहतो, ऑगरला जोर लागतो आणि तो सगळा जोर बेअरिंगवर येतो. दुसरं कारण खालचं वॉटर सील. ते गळायला लागलं की पाणी खालच्या बेअरिंगमध्ये, पुढे गिअरबॉक्समध्येही शिरू शकतं. मग गंज.

आपल्या भाषेत सांगायचं, तर मशीन आधीच लॉग टाकत असतं. आपण वाचत नाही, एवढंच:

१. किरकिर, टकटक किंवा थरथर वाढणं.
२. बर्फात काळे-करडे कण. असा बर्फ वापरायचा नाही, मशीन लगेच बंद.
३. खाली पाण्याचे थेंब किंवा ग्रीस दिसणं.
४. गिअर मोटर नेहमीपेक्षा जास्त करंट घेणं. मेकॅनिक क्लॅम्प मीटरने बघतो.

तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्या, पण काय होतंय ते उभं राहून बघा. आधी मेन स्विच बंद. मग आतला बर्फ पूर्ण वितळू द्यायचा. हातोडा मारून ऑगर काढणारा मेकॅनिक दिसला, तर थांबवा! नंतर ऑगर आणि वरचं बेअरिंग यांच्यातली फट चारही बाजूंनी गेजने मोजतात. काही मशीनमध्ये मर्यादा ०.०२ इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर असते. तुमच्या मशीनची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. ऑगर बाहेर काढलाच आहे, तर सीलही बदलून घ्या. ग्रीस फूड-ग्रेडच हवं, कारण हा बर्फ थेट खाण्याच्या वस्तूला लागतो.

बाकी देखभाल साधी आहे. वेळेवर डीस्केलिंग, पाण्याचा फिल्टर बदलणं आणि मॅन्युअलप्रमाणे ठरलेली तपासणी.

आता तुमच्या फोनचं काम. दर महिन्याच्या १ तारखेला मशीनजवळ, त्याच जागी फोन धरून ३० सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करा. रोज ऐकणाऱ्या कानाला फरक कळत नाही. जानेवारी आणि मेचा आवाज लागोपाठ ऐकला की लगेच कळतो. मामा आता हे करतो. परवा त्याने मला क्लिप पाठवली आणि खाली लिहिलं, "ऐक रे, हा आवाज बरोबर आहे ना?"

बरोबर होता. भेटू पुढच्या भागात!