सोनेगावची मध्यरात्र

गेल्या महिन्यात नागपूरहून मुंबईला गेलो. तिकिटावर दीड तास लिहिला होता. मुंबईचे दिवे दिसू लागले आणि विमान चाळीस मिनिटं घिरट्याच घालत राहिलं. शेजारच्या मुलीची गोव्याची फ्लाइट हुकली. तिकीट दुसऱ्या कंपनीचं, म्हणून काउंटरवर एकच उत्तर मिळालं: ‘नवीन काढा.’ त्या दोन शब्दांनी मला साठ वर्षं मागे, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर नेलं.

जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीनंतर चारही नागपुरात भेटायची, टपालाच्या थैल्या आणि उतारू बदलायचे आणि सकाळपर्यंत जो तो आपल्या गावी. नागपूरहून मुंबई हवेतून सातशे किलोमीटरला थोडी कमी, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे, कलकत्ता हजाराच्या आत. देशाच्या मध्यावर असणं म्हणजे काय, ते त्या वेळी आमच्या गावाला कळलं. त्याच एप्रिलपासून साधं पत्रही जादा तिकिटाशिवाय विमानाने जाऊ लागलं.

माझ्या वाट्याला आलं ते साठचं दशक. बाबा आर.एम.एस.मध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते; सोनेगावच्या थैल्या त्यांच्या हाताखालून जायच्या. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो, आणि घरघर ऐकू आली की आई अंथरुणातूनच सांगायची, ‘मद्रास आलं.’ ती कशावरून ओळखायची, कोण जाणे! पण बाबांना विचारलं की ते बहुधा बरोबर निघायचं. एका पावसाळी रात्री कलकत्त्याचं विमान फार उशिरा आलं. तोवर बाकीची तीन उभी होती. कलकत्त्याच्या थैल्या हाती आल्याशिवाय दिल्लीचं टपाल पुरं होणार कसं? बाबा सकाळी भिजून घरी आले, पण एकही थैली मागे राहिली नव्हती. ते त्यांनी आईला दोनदा सांगितलं.

या सेवेची सुरुवातीची डाकोटा विमानं ताशी जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर जायची. मुंबईला अडीच तास लागायचे.

सत्तरच्या दशकात ही सेवा बंद पडली. पुढे जेट आली, खासगी कंपन्या आल्या आणि गेल्या. त्यांच्याविषयी मला फारसं सांगावंसं वाटत नाही. अंतर तेच आहे, विमानाचा वेग तिप्पट झाला. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. 2024 च्या सुरुवातीला गर्दीच्या तासांतली उड्डाणं कमी करावी लागली, इतकी वर आकाशात रांग. ती अडचण मी समजू शकतो. खाली जे घडलं ते मला मान्य नाही. मुलीचं गोव्याचं विमान अजून दारातच उभं होतं, काचेतून आम्हाला दिसत होतं. ती बॅग छातीशी धरून त्याच्याकडे बघत होती.