सुदाम्याच्या पुरचुंडीतला विनोद

'सुदाम्याचे पोहे' हा श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या विनोदी लेखांचा संग्रह आहे. आधुनिक मराठी विनोदी वाङ्मयाची सुरुवात सामान्यतः याच पुस्तकापासून मानली जाते. त्यातले लेख 'विविधज्ञानविस्तार' या मासिकातून १९०२ पासून येऊ लागले. 'साक्षीदार' हा त्यांतला पहिला. १९१० मध्ये १८ लेखांचे पुस्तक निघाले आणि १९२३ च्या आवृत्तीत लेखांची संख्या ३२ झाली.

कोल्हटकरांचा जन्म १८७१ चा, नागपूरचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते वकील झाले आणि पुढे अकोला, खामगाव, जळगाव जामोद अशा वऱ्हाडातल्या गावी त्यांनी वकिली केली. 'वीरतनय', 'मूकनायक', 'मतिविकार' या नाटकांमुळेही त्यांचे नाव झाले. 'बहु असोत सुंदर' हे महाराष्ट्रगीतही त्यांचेच. १९२७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुस्तकाची नावे नीट पाहिली तरी लेखकाची वृत्ती कळते. गरीब सुदामा द्वारकेला गेला तो मूठभर पोह्यांची पुरचुंडी घेऊन, आणि कृष्णाने ते पोहे आवडीने खाल्ले. कोल्हटकरांनी आपल्या लेखनाला त्याच पोह्यांचे नाव दिले आणि लेख सांगणाऱ्या पात्राचे नावही सुदामाच ठेवले. १८ लेखांच्या पुस्तकाला 'अठरा धान्यांचे कडबोळे' असे जोडनाव होते. कडबोळ्याची भाजणी तांदूळ, हरभरा डाळ, उडीद असे निरनिराळे जिन्नस भाजून, एकत्र दळून होते. म्हणून नाना प्रकारच्या गोष्टी एकत्र आल्या की त्याला मराठीत अठरा धान्यांचे कडबोळे म्हणतात. लेख ३२ झाल्यावर जोडनाव 'साहित्यबत्तिशी' असे बदलले. सिंहासनबत्तिशीत विक्रमाच्या सिंहासनावरच्या ३२ पुतळ्या एकेक गोष्ट सांगतात, तिची ही आठवण. बत्तिशी म्हणजे दातांच्या दोन्ही ओळीसुद्धा. मनमोकळे हसताना त्याच दिसतात.

या लेखांना निबंध म्हणावे की गोष्टी, हा प्रश्न वाचकाला पडतो. विषय निबंधासारखा असतो, पण तो पात्रांच्या वागण्याबोलण्यातून पुढे जातो. सुदामा आणि त्याचे सोबती बंडूनाना व पांडूतात्या हे त्रिकूट लेखामागून लेखात भेटते. एकदा ही माणसे ओळखीची झाली, की प्रत्येक नव्या लेखात वाचक त्यांची वाट पाहू लागतो. मासिकाच्या वाचकाला बांधून ठेवण्याची ही रीत त्या काळी इंग्लंडमध्येही रुळलेली होती. जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) मध्ये तीन मित्रांचा प्रवास आहे. साकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या एच. एच. मन्रो यांच्या 'रेजिनाल्ड' (१९०४) मध्ये एकच तरुण कथेमागून कथेत बोलत राहतो. त्या कथाही आधी वृत्तपत्रातूनच आल्या होत्या.

कोल्हटकरांचा रोख मात्र समाजसुधारणेवर होता. श्रावणी, शिमगा, गणेश चतुर्थी, लग्नातल्या चालीरीती, शकुन-अपशकुन हे त्यांचे विषय. श्रावणात पुरुषमंडळी एकत्र जमून जुने जानवे काढतात, नवे घालतात, पंचगव्य घेतात. या विधीचा अर्थ विसरला जाऊन नुसता देखावा उरला, हे कोल्हटकरांना दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी उपदेश केला नाही. रूढीचा कैवार घेणारी पात्रे उभी केली, त्यांना आवेशाने युक्तिवाद करू दिला, आणि तो युक्तिवाद इतका ताणला की रूढीतला पोकळपणा आपोआप उघडा पडला. 'चोरांचे संमेलन' या लेखात चोर सभा भरवतात, तेव्हा त्या काळच्या सभा-संमेलनांचा थाटमाट वाचकाला वेगळ्याच प्रकाशात दिसतो. अतिशयोक्ती, शाब्दिक कोट्या आणि गंभीर चेहऱ्याने केलेला विपरीत तर्क ही त्यांची मुख्य साधने.

कोल्हटकरांच्या आधी मराठीत विनोद नव्हता असे नाही. एकनाथांच्या भारुडांत तो आहे, तमाशात आहे, प्रहसनांत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'तला उपहासही धारदार होता. तरी निव्वळ विनोदासाठी लिहिलेल्या गद्याला वाङ्मयात मानाचे पान मिळाले ते कोल्हटकरांमुळे.

ही पंगत पुढे वाढत गेली. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. त्यांनी 'बाळकराम' या नावाने लिहिलेल्या विनोदी लेखांत लग्न जुळवण्याच्या खटाटोपाचे रसरशीत चित्र आहे. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२५ मध्ये 'संपूर्ण बाळकराम' प्रसिद्ध झाले. बडोद्यात पाली भाषा शिकवणारे चिं. वि. जोशी यांनी 'एरंडाचे गुऱ्हाळ' (१९३२) आणि 'चिमणरावाचे चऱ्हाट' (१९३३) लिहिले. त्यांचे चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ आणि मोरू ही मध्यमवर्गीय घरातली माणसे. रूढीवरच्या हल्ल्याची जागा इथे घरगुती फजितीने घेतली आणि विनोदी लेख पुरता कथेकडे वळला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर यांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकारला, तेव्हा ही जोडी घरोघरी पोचली.

आजच्या वाचकाला 'सुदाम्याचे पोहे' थोडे सावकाश वाचावे लागते. वाक्ये लांब आहेत, भाषा संस्कृतप्रचुर आहे, आणि ज्या विधींवर हसायचे ते विधीच अनेक घरांतून गेले आहेत. पण विचार न करता चाललेल्या रीतीला मोठमोठ्या शब्दांचा आधार देणारी माणसे आजही भेटतात. ती भेटली की सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांची ओळख पटायला वेळ लागत नाही.