हलके जेवण आणि अपुरे जेवण

गेल्या वैशाखातील गोष्ट. पहाटे साडेपाचला आमच्या दाराची घंटा वाजली. शेजारच्या गल्लीतील एका घरच्या सूनबाई दारात उभ्या होत्या. "डॉक्टर, बाबा घामाने चिंब भिजलेत आणि भलतंच काहीतरी बोलताहेत. ऊन बाधलं असेल का?" शहात्तर वर्षांचे ते गृहस्थ आदल्या दिवशी घराबाहेर पडलेच नव्हते. बोटावरील रक्ताचा थेंब तपासला, तेव्हा साखर ४८ निघाली. सुदैवाने त्यांना गिळता येत होते. साखरेचे पाणी पाजले आणि थोडे सावध होताच त्यांना रुग्णालयात पाठविले, कारण अशा गोळ्यांचा अंमल लांबतो आणि सावरलेली साखर पुन्हा उतरू शकते.

रात्री काय जेवले होते, असे विचारताच आजी म्हणाल्या, "जेवण कुठलं? आठ दिवस झाले, चार घास दहीभात खातात आणि उठतात. या उकाड्यात भूक तरी कुठे लागते!" मधुमेहासाठी असलेली ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रात्री जेवणाआधी नेमाने दिली जात होती. गोळी तेवढीच राहिली आणि ताट निम्म्यावर आले.

आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४४ अंशांना टेकतो. त्या दिवसांत रात्री हलके जेवावे, हे सगळेच सांगतात आणि ते योग्यही आहे. परंतु हलके म्हणजे पचावयास सोपे, कमी तेलातुपाचे, ओलसर जेवण. प्रत्यक्षात घरोघरी त्याचा अर्थ 'थोडेसे' असा होतो. तरुण माणूस अशी कसर दुसऱ्या दिवशी भरून काढतो. वृद्धांची भूक आधीच मंदावलेली असते, तहानेची जाणीव बोथट झालेली असते आणि कवळीमुळे चावण्याचा कंटाळा येतो. महिनाभर असे चालले की मांड्यांचे स्नायू झिजू लागतात आणि मग पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरतो. त्याचे मूळ उन्हाळ्यातील ताटात असू शकते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

हिशेब साधा आहे. साठ किलो वजनाच्या वृद्धाला दिवसाकाठी सुमारे ६० ग्रॅम प्रथिने हवीत. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.) वाटीभर भात आणि अर्धी वाटी दही यांतून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. त्याच भातावर वाटीभर घट्ट वरण घातले की आणखी पाच-सहा ग्रॅमची भर पडते. म्हणून दहीभात बंद करू नये, त्याला एकटे सोडू नये.

रात्रीसाठी माझी पहिली पसंती मुगाच्या सैल खिचडीला. मात्र तांदूळ आणि डाळ समसमान घ्यावी. आपल्याकडे डाळ बहुधा चवीपुरती पडते. सोबत पातळ कढी, म्हणजे पाणीही आपोआप पोटात जाते. ज्वारीची आंबील हे तर आजीआजोबांच्या बालपणीचे अन्न. ताकात पीठ कालवून शिजविलेली, जिरे-लसूण घातलेली आंबील दात नसलेल्यालाही रुचते. भाकरी हवीच असेल, तर ती वरणात कुस्करून द्यावी. दुधी, पडवळ, दोडका या भाज्या मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ घालून मऊ शिजवाव्यात. अंडी चालणाऱ्या घरी एका अंड्याची मऊ भुर्जी पुरे. त्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. आमरसाबद्दल मला दरवर्षी चोरट्या आवाजात विचारले जाते. साखर आटोक्यात असलेल्या मधुमेही व्यक्तीने वरून साखर न घालता अर्धी वाटी रस घ्यावा, पण एका पोळीच्या बदल्यात, पोळीच्या जोडीला नव्हे.

मिठाकडे लक्ष असावे. दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. पेलाभर ताकात अर्धा चमचा मीठ घालण्याची सवय असेल, तर दोन पेल्यांतच ती संपते. त्यात नुकतेच वाळविलेले पापड आणि ताजे लोणचे यांची भर पडते. ताकात मिठाऐवजी जिरेपूड, पुदिना घालावा. मात्र लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आणि फारच कमी जेवणाऱ्या वृद्धांनी मीठ परस्पर पार तोडू नये. त्यांच्या रक्तातील सोडियम उतरून गोंधळ आणि तोल जाणे सुरू होते. हृदयविकारात पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेही आपल्या मनाने वाढवू नये.

आता शिळ्या भाताविषयी. दुपारचा भात ओट्यावर तसाच ठेवून रात्री फोडणीला टाकणे, हे काटकसरीचे वाटते. भातातील काही जिवाणूंचे बीज शिजविण्याने मरत नाही. उकाड्यात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष नंतर कितीही गरम केले तरी नष्ट होत नाही. उरलेला भात तासाभराच्या आत शीतकपाटात गेला पाहिजे. नाहीतर रात्री मूठभर नवा टाकावा. डाळ-तांदूळ एकाच कुकरात लावले की स्वयंपाक करणारीलाही शेगडीपुढे तासभर उभे राहावे लागत नाही. बहुतेक घरी तीही साठीच्या पुढचीच असते!

साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी एवढे पाळावे. ताट पुढे आल्याशिवाय गोळी हाती देऊ नये. सलग दोन रात्री जेवण निम्म्यावर आले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. मात्रा बदलणे त्यांचे काम. अवेळी घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले आणि साखर ७० च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. यंत्र जवळ नसेल, तर तपासण्याची वाट पाहू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

त्या बाबांची गोळी बदलली. जेवणाची वेळ साडेसातवर आली. आजींनी जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रोजची नोंद ठेवणे सुरू केले आणि यंदा चैत्रात ती घेऊन त्या दवाखान्यात आल्या. अक्षर टपोरे, हिशेब चोख. शेवटच्या रात्रीची नोंद अशी होती : खिचडी दीड वाटी, कढी एक वाटी, दुधीची भाजी अर्धी वाटी, पापड मागितला, दिला नाही.