उभी राहिलेली भेग

अमळनेरहून नंदुरबारकडे जाणारी गाडी पकडा आणि पळत जाऊन डावीकडची खिडकी अडवा. आधी सगळं सपाटच सपाट. काळी माती, कापूस, पुन्हा कापूस! नरडाणा गेलं, शिंदखेडा गेलं. दोंडाईचा मागे पडलं की दूरवर बघत राहा. बारीक, लांबच लांब डोंगर दिसतील. जणू एखाद्या राजाने तट बांधायला घेतला आणि आत किल्ला बांधायचाच विसरला!

ही भिंत आहे तरी कुणाची? गंमत म्हणजे, ती एक भेग आहे!

भेग म्हणजे तर पोकळी. ती उभी कशी राहणार?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाच्या थरावर थर साचले. जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली. ताटातली भाकरी दोन्ही हातांनी दोन बाजूंना ओढा, ती मधोमध आडवी फाटते ना? तशीच जमीनही फाटली, साधारण पूर्व-पश्चिम. त्या फटींत खालून तापलेला शिलारस घुसला आणि तिथेच थिजला. अशा खडकाला म्हणतात ‘डाइक’. धुळे-नंदुरबार भागात असे सुमारे २०० डाइक आहेत. काही तर ५० किलोमीटरहून लांब!

मग कोट्यवधी पावसाळे झाले. आजूबाजूचा खडक झिजत गेला, भेगेतला कठीण दगड मात्र हटला नाही. भेग बुजली आणि डोंगर झाली.

कधी जवळ गेलात तर दगड निरखून पाहा. कडेचा अगदी बारीक कणांचा, मधला जरा जाड कणांचा. ताटात वाढलेलं पिठलं कडेला आधी निवतं, मधे बोट घातलं तर चटका बसतो. शिलारसाचंही तेच झालं. गार खडकाला टेकलेली कड झटकन थिजली, कणांना वाढायला वेळच मिळाला नाही. निवताना दगड आकसला, तडकला. म्हणून कुठे कुठे त्याचे आडवे खांब दिसतात, सरपणाची मोळी रचून ठेवावी तसे.

आणि झिजलेला खडक गेला कुठे? पावसाळ्यात चपलेला किलोभर चिकटते ना, ती काळी माती? बोरी आणि तापी या नद्यांनी आणून पसरलेली? ती याच झिजलेल्या काळ्या दगडाची. आई ओरडली तर सांगा, ‘चपलेला डोंगर लागलाय!’